बबनची हजेरी

कमळाकरने नाकात बोलत 'फिफ्टी सेवन' असा पुकारा केला आणि सम्यकच्या तोंडून 'येस सर' निघून गेलं. निघून गेलं म्हणजे अगदी निघूनच गेलं. त्याने ते म्हटलं नव्हतं. आवाजही त्याचा नव्हता. थोडा घोगरा, झोपेतून उठल्यासारखा, शेवटचं 'सर' किंचित लांबवलेलं. बारवी धरणाच्या रस्त्याला हरेशचं फार्महाउस होतं, त्याच्या ओसरीवर मे महिन्याच्या दुपारी जेवून सुस्तावलेली नऊ माणसं बसली होती. त्यांतला कमळाकर, जो कॉलेजातही नकलांवरच पास झाला असं सगळे म्हणत, कॉस्टिंगच्या सिंधी सरांची हजेरी घेण्याची नक्कल करत होता. पंचावन्नला कुणी ओ दिली नाही, तो दुबईत होता. छप्पन्न नंबरची विनिता 'प्रेझेंट' म्हणून हसली. आणि मग सत्तावन्न. सत्तावन्न नंबर बबनचा होता, बबनला जाऊन चोवीस वर्षं झाली होती, आणि त्याच्या नावाने ओ देऊन सम्यक हातात कलिंगडाची फोड धरून बसला होता. फोडीतलं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं तरी ते पुसायचं त्याला सुचलं नाही.

"आयला, ह्याची प्रॉक्सी अजून चालूच हाय," कमळाकर म्हणाला आणि सगळे हसले. हसता हसता एकेकाच्या लक्षात आलं आणि हसू वेगवेगळ्या ठिकाणी थांबलं. विनिताने कमळाकरला डोळ्यांनी दटावलं. मैत्रेयी, सम्यकची बायको आणि ह्याच वर्गातली एकोणसाठ नंबर, पाण्याचा ग्लास तोंडाजवळ नेऊन न पिता थांबली. हरेश खाली मांडी घालून दुसरं कलिंगड चिरत होता. त्याने सुरी फळातच ठेवली आणि मान वर केली. "सम्या," तो म्हणाला, "त्या दिवशी पन तूच बोल्ला होतास का रं?" आवाजात राग नव्हता, संशय म्हणावा तर तोही नव्हता, वर मीठ टाकू का, असं विचारावं तसं त्याने विचारलं. सम्यकला उत्तर द्यायला फार तर दोन सेकंद लागले असतील. त्या दोन सेकंदांत त्याला वाटलं की आता आपण खरं सांगणार. गळ्यापर्यंत आलंही. मग तो म्हणाला, "नाही रे. त्या दिवशी तो होता ना. माझ्या बाजूलाच बसला होता." हरेशने मान हलवली, "हा, तेच," असं म्हटलं आणि सुरी पुढे ओढली. कलिंगड दोन भाग होऊन उघडलं. विनिता म्हणाली, लालबुंद निघालं बघ, आणि बोलणं पुन्हा सुरू झालं.

त्या दिवशी म्हणजे दोन हजार एकच्या जानेवारीतल्या एका मंगळवारी. बबन अंबरनाथला राहायचा, बाप नव्हता, आई द्रौपदी एका कारखान्यात पॅकिंगला होती. सकाळी तो उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका कारखान्यात जीन्सचे धागे कापायला बसायचा आणि त्यामुळे त्याचं अकरा चाळीसचं लेक्चर नेहमी बुडायचं. त्याची हजेरी सम्यक लावायचा. ह्यात काही विशेष नव्हतं. वर्गात निम्मी पोरं निम्म्या पोरांची हजेरी लावत. पण सम्यकने त्यात कसब आणलं होतं. तो बबनचा आवाज काढायचा, इतका हुबेहूब की बबन स्वतः वर्गात असला तरी कधी कधी आळसाने सम्यकलाच कोपर मारायचा, तू बोल म्हणून. त्या मंगळवारीही बाजूची जागा रिकामी होती, सरांनी फिफ्टी सेवन म्हटलं, सम्यक 'येस सर' म्हणाला आणि वहीत मार्जिन मारू लागला. साडेबाराला लेक्चर संपलं. हरेश मोटरसायकल काढून गावी गेला, कारण घरी वाल मळायचे होते. संध्याकाळी बबनच्या चपला बारवीच्या पाण्याशी सापडल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बबन. पोलिसांनी हजेरीचं पुस्तक मागवलं. अकरा चाळीसला बबन हजर, हरेश हजर. त्यानंतरच्या तासाला दोघेही गैरहजर. हरेशचं गाव धरणाच्या वाटेवर, आणि बबन त्या बाजूला उभ्या आयुष्यात गेलेला नव्हता. त्याला कुणी नेलं असेल हे काढायला फार डोकं लागत नव्हतं.

हरेशला चार दिवस चौकीत बसवून ठेवलं. मारलं की नाही हे त्याने कधी सांगितलं नाही. नंतर महिनाभर तो डाव्या कुशीवर झोपत नव्हता एवढं त्याच्या आईने मैत्रेयीला सांगितलं होतं. पुरावा काही नव्हता, शेवटी पाय घसरून बुडाला अशी नोंद झाली. पण अंत्ययात्रेत सगळ्या वस्तीसमोर द्रौपदीने हरेशची कॉलर धरली होती. "तूच नेलास माझा बबन," असं ती म्हणाली आणि ते सुटलं नाही. हरेश पोलीस भरतीत धावण्यात पहिला आला होता, लेखीही पास झाला होता; चौकशीत नाव आल्यामुळे तो कागद कुठे अडकला तो अडकलाच. आता तो स्वतःच्या शेतात चार खोल्या बांधून पिकनिकवाल्यांना भाड्याने देत होता आणि दर शनिवारी-रविवारी पाण्याच्या काठाशी उभा राहून पिऊन आलेल्या पोरांच्या अंगावर ओरडत होता. सम्यक एक वाक्य बोलला असता, बबन वर्गात नव्हता, ती हजेरी माझी, तर हरेशचा त्या मरणाशी काडीचाही संबंध उरला नसता. इतकं सोपं होतं. पहिल्या दिवशी तो बोलला नाही, कारण त्याचे वडील त्याच कॉलेजात शिपाई होते. हजेरीचं पुस्तक वर्गावर्गात नेऊन पोचवायचं काम त्यांचंच, आणि ते पुस्तक ते पोथीसारखं छातीशी धरून नेत. पोराची फी माफ होती. खोटी हजेरी लावणाऱ्याला परीक्षेला बसू देणार नाही, असं सूचनाफलकावर लिहिलेलं होतं आणि ती सूचना वडिलांनीच चिकटवली होती. दुसऱ्या दिवशी तो बोलला नाही, कारण पहिल्या दिवशी बोलला नव्हता. तिसऱ्या दिवशी फौजदाराने त्याला बोलावून विचारलं, बबन तुझ्या बाकावर बसला होता का, आणि तो हो म्हणाला आणि खाली सही केली. सहीनंतर मग काही उरलंच नाही. उन्हाळ्यात परीक्षा झाली, त्याला फर्स्ट क्लास मिळाला, नाशिकला विम्याच्या कचेरीत नोकरी लागली, मैत्रेयीशी लग्न झालं, मुलगी झाली, आणि हे सगळं त्या सहीखाली ओळीने लिहिल्यासारखं झालं असं त्याला पुष्कळदा वाटे.

मैत्रेयीला फिरायची हौस होती. दर मे महिन्यात ती नकाशा पसरून बसे आणि सम्यक मोठ्या उत्साहाने तिला लांबलांबच्या जागा सुचवी. केरळ झालं, मनाली झालं, एकदा कर्ज काढून अंदमानही झालं. अंबरनाथ सोडून माणूस कुठे कुठे जाऊ शकतो ह्याचा त्याने जणू अभ्यासच केला होता. मैत्रेयीचं माहेर अंबरनाथचं, पण आईवडील गेल्यावर तिथलं घर विकलं गेलं आणि जायला कारण उरलं नाही. ह्याचं सम्यकला दुःख झालं होतं आणि बरंही वाटलं होतं. ह्या वर्षी मुलगी नोकरीसाठी हैदराबादला गेली. पहिल्यांदाच दोघंच निघणार होती. आधी पन्हाळा, मग वाई-महाबळेश्वर आणि शेवटचे चार दिवस आपल्याकडे अंबरनाथला, असं मैत्रेयीने परस्पर ठरवून टाकलं, वर्गाच्या ग्रुपवर टाकलं आणि हरेशने खाली अंगठा आणि नाचणारा माणूस पाठवला. तेव्हापासून सम्यक दिवस मोजत होता. पन्हाळ्याच्या तटावर वारा खाताना त्याने नऊ मोजले. वाईला घाटाच्या पायरीवर बसून मैत्रेयी पाय पाण्यात सोडून गाणं गुणगुणत होती तेव्हा सहा उरले होते. "तुला काय होतंय? गप्प का?" तिने विचारलं. "ऊन लागलंय," तो म्हणाला. चाळिशी उलटलेल्या पुरुषाला ऊन लागलंय हे फार सोयीचं असतं. त्यावर कुणी पुढे विचारत नाही.

कालचा शुक्रवार त्यांनी उल्हासनगरात काढला होता. कॅम्प एकच्या बाजारातून मैत्रेयी नव्या नवरीसारखी हिंडली. इथे ते चष्म्याचं दुकान होतं, इथे आपण दाल-पकवान खायचो, अरे हा तोच भाऊ, केस पांढरे झाले फक्त. दुकानदाराने "साईं, कितने साल बाद," असं म्हटलं खरं, पण ते तो सगळ्यांनाच म्हणत असावा. सम्यकला गल्ल्या ओळखू येत होत्या आणि आपण तिथे नव्हतो असं वाटत होतं. एका कारखान्याच्या दारात बायका मांडी घालून जीन्सचे धागे कापत होत्या. निळा भुसा त्यांच्या भुवयांवर बसला होता. बबनच्या भुवयाही अशाच असायच्या. तो लेक्चरला आला की सम्यक त्याला म्हणायचा, आजीबाई, तोंड धुऊन या. कात्र्यांचा आवाज गल्लीभर येत होता, बारीक, सारखा, आणि सम्यकने पावलं भरभर उचलली. कॉलेजला नवी इमारत झाली होती. रखवालदाराने आत सोडलं नाही, आता हजेरी मशीनवर अंगठा लावून होते असं मात्र त्याने अभिमानाने सांगितलं. मैत्रेयीने फाटकाशी उभं राहून दोघांचा फोटो काढला. फोटोत सम्यक हसत होता आणि चांगला दिसत होता. आपला चेहरा किती तयार झाला आहे हे बघून त्याला स्वतःची किळस आली.

आणि आज, सत्तावन्न. मंडळी पाच वाजता पांगली, सम्यक आणि मैत्रेयी हरेशकडेच राहणार होती. चहा झाल्यावर मैत्रेयी म्हणाली, चल, पाण्यापर्यंत जाऊन येऊ. उन्हाळ्यामुळे धरण खाली गेलं होतं आणि काठाला भेगाळलेल्या मातीचा रुंद पट्टा उघडा पडला होता. पुढे लांबवर एक म्हातारी शेळ्या वळवत होती. ती दोघं बरंच चालली. मग मैत्रेयी न थांबता, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "त्या दिवशी तूच होतास." हा प्रश्न नव्हता. सम्यकने हो म्हटलं. चोवीस वर्षं ज्या शब्दाला तो भीत आला होता तो इतका हलका निघाला की त्याला जरा फसवल्यासारखंच झालं. ती खाली बसली, मातीतच. बराच वेळ ती बोटाने भेगेची कड मोडत राहिली. "मी पुढच्या बाकावर होते," ती म्हणाली. "मी आवाज ऐकला होता. मला वाटलं बबनच. पोलिसांनी मला विचारलं, तेव्हा मीही सांगितलं, हो, ऐकला. तुझ्यामुळे मी पण खोटं बोलले, आणि मला माहीतसुद्धा नाही." सम्यक म्हणाला, "मी सांगणार होतो." "कधी?" ती म्हणाली, आणि त्याला खरोखरच आठवेना. लग्नाआधी सांगणार होता. मुलगी झाली तेव्हा सांगणार होता. वडील वारले त्या संध्याकाळी तर तो हरेशचा नंबर लावून बसला होता, हरेशने फोन उचलला आणि सम्यकने त्याला वडील गेल्याचं सांगितलं. हरेश रातोरात नाशिकला आला होता. खांदा दिला होता त्याने.

"आपण उद्या द्रौपदीमावशींकडे जातोय," मैत्रेयी म्हणाली. "त्यांना सांगायचं. मग हरेशला. दोघांना. नाही सांगितलंस तर तू नाशिकला जा, मी विनिताकडे राहीन आणि पुढचं नंतर बघू." ती चिडून बोलत नव्हती. बँकेत बोलतात तसं बोलत होती, आणि म्हणूनच ती तसं करील हे सम्यकला कळलं. त्याने तिचा हात धरायचा प्रयत्न केला तर तिने तो मातीने भरल्याचं निमित्त करून काढून घेतला. परत येताना त्याला वाटलं, बरं झालं. खरंच बरं झालं. आता दुसऱ्या कुणीतरी ठरवलं आहे. त्याला भूकसुद्धा लागली, आणि हरेशच्या बायकोने केलेल्या तांदळाच्या भाकऱ्या त्याने तीन खाल्ल्या.

सकाळी हरेशच गाडीने त्यांना मांजर्लीला घेऊन निघाला. बॅगा मागच्या सीटवर टाकल्या होत्या. तिथे आता राहणाऱ्या द्रौपदीमावशींना भेटून दोघं तिथूनच स्टेशनला जाणार होती. पुढे मैत्रेयीच्या पायाशी जांभळांची करंडी होती, वर पळसाची पानं. "माझ्या झाडाचीच हायत," हरेश म्हणाला. "दर साली नेतो मी त्यांच्याकडं." "मग घेतात?" मैत्रेयीने विचारलं. "वॉचमनकडं ठेवतो. वर नाय जात मी. पयल्या साली गेलतो, दार लावून घेतलं. वॉचमन बोल्ला, खाली ठेवत जा. आता ते खातात का टाकतात, मना काय माहीत." तो हसला. "पन न्यावं, नाय का? आईच हाय शेवटी बबनची." सम्यक मागे बॅगांना टेकून बसला होता. हरेशच्या मानेवर उन्हाने काळी पडलेली कातडी होती आणि तिथे एक पांढरा केस वळून उभा राहिला होता. आपण ह्या मानेला हात लावून आता, इथेच, सांगून टाकावं असं त्याच्या मनात आलं. हरेश गाडी थांबवील. उतरून दोन कानाखाली देईल. द्यावी त्याने. पण हरेश मारणार नाही, तो नुसता बघत राहील, भरतीतलं ते धावणं, चौकीतले चार दिवस, दर सालची जांभळं, सगळं त्या बघण्यात असेल, आणि ते आपल्याला सोसणार नाही हे सम्यकला पक्कं ठाऊक होतं. तेवढ्यात मांजर्ली आली.

इमारत नदीपासून लांब नव्हती. पुराच्या पाण्याची मळकट रेघ जिन्याच्या भिंतीवर पुरुषभर उंचीला होती आणि तिच्यावर कुणीतरी नव्याने अर्धाच रंग दिला होता. द्रौपदी तिसऱ्या मजल्यावर मुलीच्या घरी राहायची. मुलगी उमा नर्स होती, रविवार असूनही ड्यूटीला गेली होती. म्हातारीने दार उघडलं आणि आधी मैत्रेयीला ओळखलं. "जय भीम, मावशी," म्हणत सम्यक वाकला तेव्हा तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवला. "शिपायाचा सम्यक," ती म्हणाली. "माझ्या बबनच्या बाजूला बसायचा. आज वाट चुकलास होय?" तिचे हात कोरडे आणि गरम होते. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि त्यांच्या खाली बबन, एकवीस वर्षांचा, फोटोवाल्याने ओठ गुलाबी केलेले. सम्यकला वाटलं होतं की तो फोटो बघून आपण कोसळू. तसं काही झालं नाही. बबन त्याला अनोळखी वाटला. आता तो त्याच्या मुलीहून लहान होता. मैत्रेयीने पाणी आणलं, त्याच्या हातात ग्लास दिला आणि समोर बसून त्याच्याकडे बघत राहिली. पंखा टकटक करत फिरत होता.

"मावशी, मला एक सांगायचंय," सम्यक म्हणाला. "त्या दिवशी, कॉलेजात, बबन वर्गात नव्हता. हजेरी मी लावली होती. त्याच्या आवाजात." तो थांबला. हातातला ग्लास त्याने खाली ठेवला. "हरेशने त्याला नेलं नाही. हरेशला काहीच माहीत नव्हतं." झालं. बोलून झालं. आता रडणं होईल, शाप मिळतील, म्हातारी छाती बडवील; सम्यक त्या सगळ्यासाठी खांदे आवळून बसला. द्रौपदी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिने ते पूर्ण गुंडाळलं, सोडलं आणि म्हणाली, "मला ठाऊक आहे."

खालून कुणीतरी गाडी मागे घेत असल्याचा आवाज आला. "त्याचा डबा घरी होता," द्रौपदी म्हणाली. "दप्तर घरी होतं. डबा सोडून तो कधी कॉलेजला गेला नाही. सकाळी आमचं वाजलं होतं. मागच्या साली दोन विषय राहिले, ते मला सांगितलं नव्हतं त्याने. कुणाकडून तरी मला कळलं. मी त्याला बोलले. लई बोलले. बाप गेला तसा तूही जा, म्हटलं. तोंड दाखवू नको." ती बोलत होती तो सूर रोजचाच होता, रेशनचं काहीतरी सांगावं असा. "तो चपला घालून गेला. पोलीस आले तेव्हा दप्तर मी पिठाच्या डब्यामागं सारलं. ते म्हणाले, तुमचा मुलगा कॉलेजात हजर होता. मी म्हटलं, होता. मला काय वाटलं असेल सांग. तो कॉलेजात गेला असला तर माझ्या बोलण्याने गेला नाही ना. मग कुणीतरी नेला. कुणाचं तरी नाव घ्यायला पाहिजे होतं. तो पोरगा समोर उभा होता, रडत होता बिचारा, मी त्याची कॉलर धरली."

मैत्रेयीने तोंडावर हात ठेवला होता. सम्यकने ह्या क्षणाची चोवीस वर्षं निरनिराळ्या तऱ्हांनी कल्पना केली होती आणि प्रत्येक कल्पनेत खोटा तो एकटा होता. त्या खोट्याला आणखी कुणी टेकून उभं असेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. म्हातारी पुढे सरकली आणि तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "उमाला ह्यातलं काही माहीत नाही. तिचा जीव होता भावावर. मी त्याला काय बोलले ते तिला कळलं तर ती माझ्याकडं बघायची नाही. तिच्या हातचा भात खाते मी, बाळा. बाहेर गेलं की घरात यायला वेळ लागत नाही. आता मी किती, दोन साल, तीन साल. मी गेल्यावर सांग हरेशला. पाया पडते." आणि ती खरंच वाकू लागली. "नका, मावशी," सम्यकने तिला धरलं. "नाही सांगत." ते म्हणताना त्याच्या आतून काहीतरी सैल झालं. ते काय होतं हे कळायला त्याला वेळ लागला नाही, कारण ते त्याच्या चांगल्या ओळखीचं होतं. सुटका होती ती. आता गप्प राहायला त्याला म्हाताऱ्या बाईचं कारण मिळालं होतं, दयेचं, माणुसकीचं, आणि ह्यापुढे आरशात बघताना मान खाली घालायचीसुद्धा गरज नव्हती. ह्याहून वाईट आपल्या बाबतीत काही होऊ शकत नव्हतं असं त्याला वाटलं, आणि तरीही ते बरं वाटणं काही केल्या थांबेना. त्याने मैत्रेयीकडे बघितलं. ती काहीतरी म्हणेल म्हणून तो थांबला. मैत्रेयी उठली, म्हातारीच्या पाया पडली आणि चपला शोधू लागली.

जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावर मैत्रेयी कठड्याला धरून जराशी थांबली. सम्यकने विचारलं, काय करायचं, आणि ती म्हणाली, "मला विचारू नकोस." खाली हरेश गाडीला टेकून उभा होता. वॉचमनची खुर्ची रिकामी होती. करंडी बॉनेटवर ठेवलेली होती. त्यांना बघून तो सरळ झाला. दर वेळी इथून परत जाताना त्याचा चेहरा कसा असेल कुणास ठाऊक, पण आत्ता त्यावर एक लाजरी आशा होती, परीक्षेचा निकाल दुसऱ्याने बघून आणावा तशी. "काय बोल्ली?" त्याने विचारलं. "बरी हाय ना?"

"बरी आहे," सम्यक म्हणाला. एवढंच म्हणून थांबता आलं असतं. पण हरेश त्याच्या तोंडाकडे बघत होता, आणि त्या बघण्याला काहीतरी द्यावंसं सम्यकला फार वाटलं, जे देता येण्यासारखं होतं ते. "तुझी चौकशी केली," तो म्हणाला.

"माझी?" हरेश म्हणाला. "नाव घेऊन?"

"हो. नाव घेऊन."

हरेशने खिशातून रुमाल काढला, मान पुसली, हात पुसले, शर्टाचं वरचं बटण लावलं. मग त्याने करंडी उचलून छातीशी धरली. "मंग मी जाऊन येतो," तो म्हणाला. "पाच मिंटं. जांभलं हातात देतो आन येतो."

"आज नको," सम्यक म्हणाला. "दमल्यात त्या. झोपल्या असतील."

"चोवीस सालं झाली, सम्या," हरेश म्हणाला. "पाच मिंटं." आणि तो जिन्याकडे गेला. पन्नाशीकडे झुकलेला तो जाड माणूस दोन दोन पायऱ्या टाकत चढत होता हे आवाजावरून कळत होतं. सम्यकने मैत्रेयीकडे बघितलं. तिने तोंड उघडलं, आणि तिचा आवाज हरेशला ऐकू गेला असता, तो अजून पहिल्याच मजल्यावर होता. तिने तोंड मिटलं. मग तिने गाडीचं मागचं दार उघडून दोन्ही बॅगा बाहेर ओढल्या, एक त्याच्याकडे सरकवली आणि रस्त्यावर जाऊन हात वर केला. वर तिसऱ्या मजल्यावर बेल वाजली. रिक्षा थांबली, मैत्रेयी आत सरकून बसली आणि त्याच्यासाठी जागा करून रिक्षावाल्याला म्हणाली, "स्टेशन. जरा लवकर घ्या."